पडदा चांगला आहे, मग आप्पांना ऐकू का येत नाही?

ठाण्याच्या पाचपाखाडीहून एका वाचक सूनबाईंचं पत्र आहे. थोडक्यात असं: घरात आप्पा म्हणतात ते सासरे, वय ७३. गेल्या वर्षी त्यांना नवा चष्मा केला. नंबर काढला, दोन दिवसांनी चष्मा हातात आला आणि दुकानाच्या पायरीवरच आप्पांनी समोरच्या बसची पाटी वाचून दाखवली. यंदा फेब्रुवारीत कानाचं यंत्र घेतलं. एकाच, उजव्या कानाला, ३८,००० रुपयांचं, कानामागे बसून बारीक तारेने आत जाणारं. दुकानात वीस मिनिटांत बसवून दिलं. चार दिवस रोज लावलं, मग फक्त पाहुणे आले की, आता ते टीव्हीखालच्या खणात पडून आहे. आप्पांचं म्हणणं, "भांडी डोक्यात आपटतात, माझाच आवाज पिंपातून आल्यासारखा येतो, आणि तू बोलतेस ते तरीही कळत नाही." कानाच्या डॉक्टरांनी तर पडदा चांगला आहे म्हणून सांगितलं होतं. पत्रात प्रश्न दोन आहेत: कानाचा नंबर चुकला का, आणि आणखी महागातलं घ्यायला हवं होतं का?

ताई, पैसे बहुधा वाया गेलेले नाहीत. यंत्र चुकीचं असण्यापेक्षा ते अर्धवट बसवलेलं असण्याची शक्यता जास्त आहे. पण त्याआधी "पडदा" या शब्दाने जो घोळ घातलाय तो निस्तरू.

आपण मराठीत डोळ्यालाही पडदा म्हणतो आणि कानालाही. दोन्ही पडद्यांची कामं मात्र वेगळी. डोळ्याचा पडदा सगळ्यात मागे असतो आणि प्रकाश टिपतो. कानाचा पडदा पुढे, कानाच्या नळीच्या शेवटाला असतो आणि तो नुसता हलतो. आवाज टिपण्याचं काम त्याच्याही बरंच मागे, गोगलगायीच्या शंखासारख्या कॉक्लियात होतं. तिथे प्रत्येक कानात साधारण १५,००० केसपेशी असतात. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या रांगेतल्या. त्या मेंदूकडे निरोप धाडतात. बाकीच्या बाहेरच्या रांगांतल्या. त्या हळू आवाज मोठा करतात आणि एकमेकांजवळचे स्वर वेगळे काढून देतात. वयाने, गोंगाटाने, काही औषधांनी आधी या बाहेरच्या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी "पडदा चांगला" म्हटलं ते खरंच आहे, फक्त आप्पांची अडचण पडद्याच्या पलीकडची आहे.

आता चष्म्याकडे पाहा. चष्म्याची काच प्रकाश नीट वळवून मागच्या पडद्यावर पोचवते. पडदा शाबूत असला की दुसऱ्या क्षणी अक्षर स्वच्छ. पण डायबेटिसने डोळ्याचा पडदा खराब झालेलं कुणी ओळखीत असेल तर त्यांना विचारा. नंबर कितीही बदला, पहिल्यासारखं दिसत नाही. आप्पांच्या कानाची तुलना करायची तर त्या डोळ्याशी करावी लागेल. चष्म्याशी केली की अपेक्षाच चुकते.

कानात चष्म्यासारखं सरळ काम होतं तेही सांगून टाकते. कानात मळ घट्ट बसलाय, पडद्यामागे पाणी साचलंय किंवा आतलं छोटं हाड आखडलंय, तर केसपेशी ठणठणीत असतात, आवाज वाटेत अडतो एवढंच. मळ काढला की झालं. इतर बाबतीत औषध, ऑपरेशन किंवा नुसता मोठा केलेला आवाज पुरतो. तुम्ही पाठवलेल्या तपासणीत हवेतून आणि हाडातून घेतलेल्या दोन्ही रेषा जवळजवळ एकावर एक आहेत. म्हणजे आप्पांचं तसं नाही.

त्या तपासणीच्या कागदावर खाली "उजवा ४२, डावा ४५" लिहिलंय आणि तुम्ही त्यालाच नंबर समजलात. तो नंबर नव्हे, तीन ठिकाणची सरासरी आहे. खरी गोष्ट वरच्या आलेखात आहे. डावीकडून उजवीकडे जाड ते बारीक आवाज हर्ट्झमध्ये, वरून खाली किती जोर लावल्यावर ऐकू आलं ते डेसिबलमध्ये. आप्पांच्या उजव्या कानाची रेषा २५० हर्ट्झला २५ वर आहे, म्हणजे जवळपास तरुण माणसासारखी. ५०० ला ३०, १००० ला ४०, २००० ला ५५, ४००० ला ७०, ८००० ला ७५. घसरगुंडीच. चष्म्यात एका डोळ्याला एक-दोन आकडे पुरतात. इथे प्रत्येक स्वराला वेगळा आकडा लागतो, आणि तोही हळू बोलण्याला वेगळा, मोठ्या आवाजाला वेगळा.

ही घसरगुंडी बोलण्याचं काय करते बघा. आपल्या बोलण्यातले स्वर, अ आ ओ, जाडे आणि जोरकस असतात. ते आप्पांना पोचतात. स, श, च, त, फ ही व्यंजनं बारीक आणि क्षीण असतात, स तर ४००० हर्ट्झच्या वरच बराचसा असतो. मग "सात", "साठ" आणि "आठ" या तिन्हींतला "आ" तेवढा कानात शिरतो. "चहा घेणार?" विचारलं की आप्पा घड्याळाकडे बघतात, कारण त्यांना "सहा" ऐकू आलं. "ऐकू येतं पण कळत नाही" हे त्यांचं वाक्य अगदी अचूक आहे, हट्ट नाही. नातवंडांचं बोलणं सगळ्यात कमी कळतं तेही यामुळेच. आवाज बारीक, जोर कमी, आणि पोरं बोलतात पळता पळता.

भांड्यांचं कोडंही इथेच सुटतं. चांगल्या कानाला बारीक आवाज शून्याच्या आसपास ऐकू यायला लागतो आणि शंभरच्या पुढे असह्य होतो. आप्पांना ४००० हर्ट्झचा आवाज ऐकूच ७० ला येतो, पण असह्य व्हायची हद्द शंभरच्या आसपासच राहते. शंभर पायऱ्यांचा जिना तीस पायऱ्यांत बसवायचा आहे. यंत्राने हळू आवाज बराच वाढवायचा, मध्यम थोडा, मोठा जवळपास नाहीच. सगळं सारखंच वाढवलं तर स्टीलचं ताट सिंकमध्ये पडल्यावर माणूस यंत्र काढून फेकणारच. घरच्यांनी ओरडून बोलण्याचा उपयोग होत नाही तोही याचसाठी: ओरडल्यावर "आ" मोठा होतो, "स" होत नाही.

तेव्हा यंत्र घेणं म्हणजे डबी विकत घेणं नव्हे. तुम्ही तीन-चार भेटींचं बसवणं विकत घेता, डबी त्याच्यासोबत येते. तुमच्या पत्रात एकच भेट आहे. उरलेल्या भेटी आता घ्या.

जिथून यंत्र घेतलं तिथेच आधी वेळ मागा, कारण जुळवणी बहुतेक किमतीत धरलेली असते. मात्र यंत्र बसवणारी व्यक्ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, आहे का आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक आहे का ते विचारा. यात संकोच नको. नसेल तर तेच यंत्र दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे नेता येतं, त्यांच्याकडे त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलं म्हणजे झालं. सरकारी ठिकाण हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, खास वाणी आणि श्रवणाची. ठाण्याहून दादरला गाडी बदलून वांद्रे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही ऑडिओलॉजी विभाग आहे. सकाळी लवकर निघा आणि डबा न्या.

भेटीला जाताना घरातलं एक स्टीलचं ताट आणि चमचा पिशवीत घाला. हसू नका. खुर्चीत बसवून यंत्र लावल्यावर ते ताट वाजवायचं, आणि आप्पांनी तोंड वाकडं केलं की ऑडिओलॉजिस्टने यंत्राची कमाल मर्यादा खाली आणायची, विशेषतः बारीक स्वरांत. मधल्या बोलण्याचा आवाज कमी करायचा नाही. बरेचदा "टोचतं" म्हटल्यावर सगळाच आवाज उतरवून देतात, मग टोचत नाही आणि कळतही नाही.

दुसरी गोष्ट, पिंपातला आवाज. आप्पांचे जाडे स्वर मुळात ठीक आहेत आणि यंत्राच्या टोकाला बहुधा बंद डोम, म्हणजे कानात बसणारी रबरी टोपी, घातलाय. कान बुजला की स्वतःचा आवाज कवटीतून येऊन आतच घुमतो. बोटाने दोन्ही कान बंद करून "ई" म्हणून बघा, आप्पांना काय होतं ते कळेल. उपाय भोकं असलेला डोम. त्याने घुमणं कमी होतं. त्याचा तोटाही आहे: आवाज बाहेर गळतो आणि ७० डेसिबलच्या उताराला शिट्टी येऊ शकते. म्हणून कुठला डोम आणि केवढ्या भोकांचा, हे तिथेच दोन-तीन लावून ठरवावं लागतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि बहुतेक ठिकाणी गाळली जाणारी. कॉम्प्युटर आलेखावरून अंदाजाने आकडे टाकतो, पण प्रत्येक कानाची नळी वेगळ्या आकाराची. मऊ सिलिकॉनची केसासारखी नळी कानात पडद्याजवळ सोडून, यंत्र लावलेलं असताना तिथे खरोखर किती आवाज पोचतो ते मोजता येतं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. कंपनीची पहिली आपोआप जुळवणी बारीक स्वरांत बहुतेकदा कमी पडते, आणि आप्पांचे "स" आणि "त" नेमके तिथेच आहेत. ती सोय नसेल तर निदान यंत्र लावून पुन्हा ऐकण्याची चाचणी आणि शब्दांची चाचणी करून घ्या. शब्द मराठीच असू देत. हिंदी यादीवर गुण कमी पडले तर कानाचा दोष की भाषेचा, हे कुणी सांगायचं?

शब्दांच्या चाचणीचा आकडा तुमच्या कागदावर आहे: उजवा ७६ टक्के. म्हणजे शांत खोलीत, हवा तेवढा आवाज दिल्यावर २५ पैकी १९ शब्द कळले. उत्तम बसवलेलं यंत्र आप्पांना इथपर्यंत आणेल. उरलेले सहा शब्द तोंडाकडे बघून आणि वाक्याच्या संदर्भाने भरून निघतात, पुष्कळदा पूर्णच. पण यंत्राकडून शंभर टक्क्यांची वाट बघू नका. लाखाचं यंत्रही मेलेल्या केसपेशी उठवत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: यंत्रं काही हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत मिळतात, वरच्या किमतीत गर्दीतला गोंगाट थोडा अधिक आवरला जातो, ब्लूटूथ येतं, चार्जिंग येतं. घरात, देवळात आणि सोसायटीच्या बाकावर वावरणाऱ्या आप्पांना आत्ताच्या यंत्राची नीट जुळवणी जास्त कामाची.

पैसे घालायचेच असतील तर डाव्या कानाला घाला. एकाच डोळ्याला काच लावून कुणी बसत नाही, कानाला मात्र आपण सर्रास एकच घेतो. दोन्ही कानांत येणाऱ्या आवाजातल्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढतो. रिक्षा कुठल्या बाजूने येतेय हे गोखले रोड ओलांडताना कळायला दोन कान लागतात. घाई नको, उजवं जुळलं, रोज लागायला लागलं, की त्याच कंपनीचं त्याच मॉडेलचं दुसरं घ्या, म्हणजे दोन्ही एकमेकांशी बोलून चालतील. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. आणि पाचशे-हजार रुपयांत ऑनलाइन मिळणारी "कानाची मशीन" घेऊ नका. स्टेशनाबाहेरचा दोन नंबरचा तयार चष्मा पेपर वाचायला चालून जातो; कानाचं तसं होत नाही. ती सगळे स्वर सरसकट वाढवतात, वर मर्यादा नसते.

आता घर. आप्पांच्या मेंदूला कितीतरी वर्षं पंख्याची घरघर, फ्रिज, पिशवीची चुरचुर, स्वतःच्या सपातांचा आवाज पोचलेला नाही. ते सगळं एकदम आल्यावर मेंदू गोंधळतो. काय दुर्लक्षायचं हे तो पुन्हा शिकतो, पण यंत्र कानात असेल तरच. पाहुणे आले की लावणं म्हणजे सर्वांत अवघड पेपराला अभ्यास न करता बसणं. पहिल्या आठवड्यात सकाळी चार तास, शांत घरात, एकाच माणसाशी बोलताना. दुसऱ्यात टीव्ही आणि जेवण. तिसऱ्यात खाली बाकावर, मग बाजारात. महिन्याअखेरीस उठल्यापासून झोपेपर्यंत. सहा ते आठ आठवडे धरून चाला. रोज पंधरा मिनिटं कुणीतरी पेपर मोठ्याने वाचावा आणि आप्पांनी त्याच ओळीवरून बोट फिरवावं. डोळा कानाला शिकवतो. पुढच्या भेटीत ऑडिओलॉजिस्टला यंत्र रोज सरासरी किती तास चाललं ते कॉम्प्युटरवर दिसतं, त्यामुळे "रोज लावतो हो" तिथे चालत नाही.

आणि तुम्हाला एक सांगायचंय. चष्म्याने लांबचं दिसतं, यंत्राने लांबचं ऐकू येत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. स्वयंपाकघरातून, चार मीटरवरून, एक्झॉस्ट चालू असताना मारलेली हाक एका मीटरवरच्या बोलण्यापेक्षा बारा डेसिबलने कमी पोचते आणि वर एक्झॉस्टची घरघर मिसळते. जवळ या, आधी "आप्पा" म्हणा, ते बघायला लागले की नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोला. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. "सात वाजता" न कळल्यास "संध्याकाळी सातला, जेवणाआधी". दिवाणखान्यात नुसत्या टाइल्स, काचा आणि भिंती असतील तर आवाज घुमतो. जाड पडदे आणि एक सतरंजी बराच फरक पाडतात.

लावण्याची पद्धत एकदा तुम्हीही शिकून घ्या. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. आधी यंत्र कानामागे अडकवायचं, मग दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून डोम आत सरकवायचा. बारीक तार गालाला चिकटून बसली तर डोम पुरता आत गेलाय. तार बाहेर फुगलेली दिसली की अर्धा बाहेर आहे, आणि नुसतं बसल्यावरही शिट्टी येणार. हात जवळ नेल्यावर किंवा शाल गुंडाळल्यावर येणारी शिट्टी वेगळी, ती चालायचीच. चष्मा काढताना दोन्ही हातांनी सरळ पुढे ओढायचा, एका हाताने ओढला की काडी यंत्र उडवते. मास्कच्या इलॅस्टिकमुळेही यंत्रं हरवतात.

ठाण्याच्या पावसाळ्याशी आणि घामाशी यंत्राचं जमत नाही. रात्री कोरड्या फडक्याने पुसून, बॅटरी काढून, तिचं दार उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा. निळे मणी गुलाबी झाले की मणी बदला. तांदळात ठेवू नका, भुकटी आत जाते. तेल, पावडर, दाढी, कंगवा सगळं उरकल्यावर यंत्र चढवायचं. डोक्याला चोपडलेलं खोबरेल माइकच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. कानात तेल टाकणं आता बंद, ती सवय आप्पांना असणार. यंत्राचा आवाज अचानक क्षीण झाला तर यंत्र बिघडलं असं समजण्याआधी डोम काढून टोकाची पांढरी जाळी बघा. मळाने भरली असेल तर सोबतच्या काडीने बदला: काडीच्या एका टोकाने जुनी ओढून काढायची, दुसऱ्या टोकावरची नवी दाबून बसवायची. महिन्यातून एकदा लागतंच.

एक धोक्याची सूचना. एखाद्या दिवशी एका कानाने एकदम ऐकू येईनासं झालं तर यंत्राची जुळवणी करत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. त्यात उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात. कानातून पाणी येणं, चक्कर, एकाच कानात सतत आवाज, यांनाही आधी डॉक्टर.

ता. क. यंत्र खणातून काढाल तेव्हा आत राहिलेली बॅटरी आधी बाहेर घ्या. या बॅटऱ्या हवेवर चालतात. चिकटपट्टी एकदा काढली की वापरा किंवा न वापरा, काही आठवड्यांत संपतात, त्यामुळे ती नक्कीच गेलेली असेल. तारेच्या यंत्राला बहुधा तपकिरी पट्टीची ३१२ नंबरची लागते, दिवसभर वापरली तर आठवडाभर जाते. नवीची पट्टी काढल्यावर एक मिनिट तशीच तळहातावर ठेवा, हवा आत जाऊ द्या, मग घाला. अधिक खुणेची सपाट बाजू वर. आणि भेट होईपर्यंत आप्पांना लावायचा आग्रह करू नका, बंद डोमने त्यांचा विश्वास आणखी उडेल.